बाई, तुम्ही आमच्याबरोबर घरोघरी फिरलात...

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या सर्वेक्षणाच्या वहीची प्रत आणि वहीवरून काढलेला गोषवारा आम्ही पालकांनी फादरांच्या हाती दिला. आता तो धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या कार्यालयात जाईल. आपल्याकडे नवीन कॅथलिक हायस्कूल होणार की नाही, हे तिथे ठरेल. तो निर्णय काहीही लागो, तुमचे आभार त्याच्यावर अवलंबून नाहीत, म्हणून आजच लिहितो आहोत. आणि उघड पत्र अशासाठी, की तुम्ही ज्या ज्या घरात गेलात त्या प्रत्येक घराने ते वाचावं.

वसईच्या आपल्या किनारपट्टीवर चर्चच्या आवारात शाळा असणं नवलाचं नाही. आपल्या धर्मग्रामाची (पॅरिशची) शाळा मात्र सातवीला थांबते. आठवीपासून मुलं स्टेशनच्या बाजूला जातात. तिथल्या शाळांबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न रस्त्याचा, बसचा आणि पावसाचा आहे. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की आयांचा जीव टांगणीला लागतो. शिवाय तेरा-चौदा वर्षांचं वय नाजूक. या वयात मूल धर्मग्रामाच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेसमोर वाढावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

लोकांचा पाठिंबा किती आहे, हे आधी अजमावा, असं फादर म्हणाले आणि आम्ही तुमच्या ओट्यावर येऊन बसलो. ‘नवीन कॅथलिक हायस्कूल हवं का?’ एवढाच प्रश्न फॉर्मवर असावा, असं काहींचं म्हणणं होतं. तुम्ही म्हणालात, “चर्चच्या नावाने विचाराल तर या गावात नाही कोण म्हणणार? असे होकार गोळा करून शाळा चालत नाही.” मग पेन्सिल घेऊन तुम्ही वहीत रकाने आखलेत. मूल आज कितवीत आहे? आठवीला इथे घालाल का? मराठी, सेमी की पूर्ण इंग्रजी? महिन्याला किती फी झेपेल? आणि शेवटचा प्रश्न, जो आमच्यापैकी कुणालाच सुचला नसता: या शाळेची दहावीची एकही बॅच अजून बाहेर पडलेली नसेल, निकाल दाखवायला काही नसेल, तरी तुमचं मूल पहिल्या तुकडीत बसवाल का?

या प्रश्नापाशी प्रत्येक घरात बोलणं थांबायचं. नवरा-बायको एकमेकांकडे बघायचे. तुम्ही घाई केली नाहीत. पाणी प्यायचात, ओट्यावरच्या आजींची चौकशी करायचात आणि उत्तराची वाट बघायचात. एका वडिलांनी सरळ सांगितलं की मुलाला बोरिवलीच्या शाळेत घातलंय, तिथून काढणार नाही. आमच्यातला एकजण त्यांना समजवायला पुढे सरला, तर तुम्ही त्याला हातानेच थांबवलंत, ‘नाही’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलंत आणि त्या वडिलांचे आभार मानलेत. होकाराइतकाच नकार जपून लिहिला गेला, म्हणून ती वही आज कुणासमोरही ठेवता येते.

फीच्या रकान्याशी वयस्कर मंडळी अडायची. पूर्वी शिक्षकांचे पगार सरकार द्यायचं, मग आता फी कशाला? आपण अल्पसंख्याक ना? तुम्ही न कंटाळता समजावत राहिलात: घटनेचं कलम ३० आपल्याला शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं, पैशाची हमी देत नाही. २०१२ च्या कायद्यापासून राज्यात नव्या शाळांना स्वयंअर्थसहाय्यित तत्त्वावर परवानगी मिळते, म्हणजे इमारतीपासून पगारापर्यंत सगळा भार आपलाच. हे ऐकल्यावर काहींनी लिहिलेला आकडा खोडून कमी केला. तोही तुम्ही तसाच ठेवलात.

बाप्तिस्म्याची नोंदवही बघायची कल्पनाही तुमचीच. कोणत्या वर्षी किती बाळांचे बाप्तिस्मे झाले, यावरून पुढच्या वर्षांत आठवीला किती मुलं येतील याचा अंदाज बांधता येतो, हे तुम्ही दाखवलंत. आकडे खाली येत चाललेत, हेही त्यातच दिसलं. ते बघून आमचे चेहरे पडले, तर तुम्ही म्हणालात, “मग तळ्यापलीकडे जाऊ या.” पलीकडच्या हिंदू शेजाऱ्यांकडे, नव्या चाळींतल्या भाडेकरूंकडे जाण्याचं आमच्या मनात नव्हतं असं नाही, पण धीर तुमच्यामुळे आला. एका ताईंनी दारातच विचारलं, “आमच्या मुलीला तुमची प्रार्थना करावी लागेल का?” तुम्ही उंबऱ्यावर बसलात आणि सांगितलंत की मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही, ते घटनेच्या कलम २८ मध्येच आहे, त्या तासाला तिला मूल्यशिक्षण असेल. ताईंनी मुलीचं नाव स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं.

हे काम फादरांचं, पालकांनी का वणवण करायची, असंही कुणी कुणी ऐकवलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, १९६५ चा शिक्षणाविषयीचा दस्तऐवज आईवडिलांनाच मुलांचे पहिले शिक्षक मानतो, ही गोष्ट तुम्ही पालकांच्या एका बैठकीत इतक्या साधेपणाने सांगितलीत की पुढच्या फेरीला चार नवे बाबा चपला घालून तयार होते. ‘कॅथलिक’ हे नाव बिशपांच्या संमतीशिवाय शाळेला लावता येत नाही, हेही तेव्हाच सांगितलंत आणि कुणीही आधीच पाट्या-बॅनर लावू नयेत अशी ताकीद दिलीत. ती आम्ही पाळली आहे.

बाई, तुमची स्वतःची मुलं कधीच मोठी झाली. निवृत्तीनंतर सांजवेळी वाडीत बसायचं सोडून तुम्ही गुडघे दुखत असताना आमच्या मुलांसाठी पायऱ्या चढलात. आमच्यातल्या कित्येकांना तुम्हीच मुळाक्षरं शिकवलीत. आता कोऱ्या कागदावर खरा प्रश्न कसा लिहायचा, तेही शिकवलंत. याचे आभार कसे मानावेत ते कळत नाही, तरी मनापासून मानतो.

वहीची प्रत काढून घेतली आहे, मूळ वही या पत्रासोबत परत पाठवतो आहोत. धर्मप्रांताकडून कुणी माहिती घ्यायला आलं तर उत्तरं द्यायला तुम्ही आमच्याबरोबर बसावं, अशी विनंती आहे. हो म्हणालात तर न्यायला रिक्षा घेऊन येऊ.

तुमचे ऋणी,
सातवीपर्यंतच्या शाळेचे आम्ही सर्व पालक