विषय : लंडन–न्यूयॉर्क तीन तासांत, याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारं तुमचं ॲप मी वर्गणी भरून वापरतो. तुमच्या माणसांशी चौथ्यांदा बोलणं आत्ताच संपलं, म्हणून लिहितो आहे.

लंडनहून सकाळी ११ ला निघणारं विमान न्यूयॉर्कला दुपारी २ ला उतरतं. तुमचं ॲप म्हणतं, प्रवास ३ तास. येताना रात्री ८ ला निघून सकाळी ८ ला लंडन, तर प्रवास १२ तास. तिथलं घड्याळ इथल्यापेक्षा पाच तास मागे असतं, हे तुमच्या ॲपच्या गावीच नाही. दोन्ही वेळा नुसत्या वजा केल्या आहेत. खरे आकडे ८ आणि ७.

यावर तुमच्या प्रतिनिधी काय म्हणाल्या ते शब्दशः देतो.

"सर, जाताना वारा मागून असतो ना, म्हणून लवकर पोचतं."

मी म्हटलं, बाई, तिथे वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. मागून वारा मिळतो तो येताना. त्यावर थोडी शांतता. मग, "म्हणजे तेच ना सर." तेच कसं? बरोबर उलटं! मी पुढे सांगितलं की ५,५४० किलोमीटर तीन तासांत म्हणजे ताशी अठराशेच्या वर. आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉनकॉर्ड विमानालासुद्धा साडेतीन तास लागायचे आणि ते २००३ मध्येच बंद झालं. तर म्हणतात, "सर, तुम्ही फोन एकदा बंद करून चालू केलात का?"

केला. विमानाचा वेग वाढला नाही.

तुम्हाला हे विनोदी वाटत असेल. माझ्या आईला दर सहा तासांनी गोळी लागते. तुमच्या तीन तासांवर विसंबून मी तिला कागदावर वेळा लिहून दिल्या आणि गोळ्यांची डबी मोठ्या बॅगेत टाकली. ती बॅग विमानाच्या पोटात आणि आई आठ तास वर. सहाव्या तासाला ती हवाई सुंदरीला तो कागद दाखवत होती. माझ्या अक्षरातला.

अंतराचंही तेच. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, म्हणून तुम्ही नकाशावर आडवी पट्टी ठेवून मोकळे. पृथ्वी गोल आहे. जवळची वाट उत्तरेकडे वळसा घेऊन जाते आणि साधारण ५,७७० किलोमीटर भरते. तुमचा आकडा त्याहून दीडशेवर जास्त. अंतर मोजायचं ॲप विकणाऱ्यांना हे मी सांगायचं? आणि वर पुन्हा तेच, ३ तास!

एके काळी मीच चार जणांना हे ॲप घ्यायला लावलं होतं. आता त्यांनाही काढून टाकायला सांगितलं आहे. वर्गणीचे सगळे पैसे पंधरा दिवसांत परत हवेत, नाहीतर ग्राहक न्यायालयात भेटू. मला फोन करू नका. जे असेल ते लेखी कळवा, आणि ज्याला वजाबाकीच्या पुढचं येतं अशा माणसाकडून.

एक त्रासलेला ग्राहक

ता. क. : आत्ता टोकियो–लॉस एंजेलिस टाकून पाहिलं. संध्याकाळी ५ ला निघतं, त्याच तारखेला सकाळी ११ ला पोचतं. प्रवासाचा वेळ : उणे ६ तास.