व्याजाची ओळही छापा

‘कर्जामुळे भागधारकांचा फायदाच होतो’ असा सूर असलेला आपल्या अर्थविषयक पानावरील लेख वाचला. तो अर्धाच पटला. व्याजावर करसवलत मिळते, हे मान्य. पण भांडवलावरचा परतावा व्याजदराहून जास्त असेल तोवरच कर्ज नफा वाढवते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. अशा वेळी कर्जे महागतात आणि विक्री न घटताही कर्जबाजारी कंपनीचा नफा आटतो. मुंबईच्या जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तेव्हा बँकांचे आठ हजार कोटींहून अधिक येणे होते आणि हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकलेले. ते विसरणे कठीण आहे. तिमाही निकालांच्या बातमीत व्याजखर्च आणि व्याज-करपूर्व नफा त्याच्या किती पट आहे, हेही कृपया छापावे.

– एक वाचक, दादर, मुंबई