यंदाचा पावसाळा आगुंब्यात

आगुंबे (कर्नाटक), जूनअखेर

ती. बाबा आणि आई, सा. न.

फोनवर निम्मं बोलणं तुटतं आणि उरलेल्या निम्म्यात आई रडते, म्हणून पत्र. आधी मुद्द्याचं: मी जुलैत परत येत नाही. इथल्या पर्जन्यवन संशोधन केंद्रातली इंटर्नशिप सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवून घेतली, होकारही कळवून झाला. म्हणजे यंदा गणपतीला मी नाही. दादा-वहिनी आहेतच. आई, मोदक वहिनीला करू दे, तू खुर्चीत बसून चुका काढ.

"तिशी उलटली, बँकेची नोकरी सोडली, आणि आता इंटर्न?" असं आत्यानं विचारलंच असेल. तिला सांगा, माझा एम.एस्सी.चा प्रबंध बेडकांवर आहे आणि बेडूक पावसाळ्यातच तोंड उघडतात. मे महिन्यात नुसती तयारी झाली, ओढ्याकाठचे पट्टे आखले, झाडांना फिती बांधल्या. तेवढ्यावर परत आले असते तर वर्ष फुकट. आता रात्री जेवून निघतो, डोक्याला टॉर्च, पट्ट्यातून पाऊल पाऊल चालायचं, आवाज आला की थांबायचं, जात, जागा, पाण्याचं तापमान वहीत. वही न भिजणाऱ्या कागदाची आहे, भिजते मी. उत्तर कन्नडकडच्या जंगलात एक कुंभार बेडूक आहे, 2014 साली नोंदवलेला. त्याचा नर पुढच्या पायांनी चिखल उचलून अंड्यांवर लिंपतो. तो बघायचाय मला एकदा.

बाबा, सकाळी साडेआठची पावसाची नोंद माझ्याकडे आहे. तुम्ही शिकवलंत तशीच घेते, डोळा पाण्याच्या रेषेशी आणून, वाकून, घाई न करता. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्या सांगलीच्या दहापट तरी. पूर्वेकडे वाहणारं पाणी मालती, तुंगा, तुंगभद्रा करत कृष्णेलाच मिळतं, पण सांगलीच्या फार खाली. तेव्हा आपल्या पुरात आमचा हात नाही!

आई, सापांचं. हो, सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी 2005 साली हे केंद्र काढलं ते किंग कोब्राच्या ओढीनंच. पण तो खातो धामण, नाग. माणूस दिसला की आपणहून निघून जातो. आणि आम्हाला सापाला हात लावायची परवानगीच नाही, लांबून बघायचं. त्याची मादी सुक्या पानांची रास रचून त्यात अंडी घालते आणि वर राखण करत बसते, एवढ्या पावसातही. घाट उतरला की मणिपालचं मोठं इस्पितळ आहे. त्रास आहे तो जळवांचा, आणि त्यावर गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे मिळाले आहेत.

खाण्याची काळजी करू नकोस. लाल तांदळाचा भात, सार, नीर डोसे, आणि संध्याकाळी कषाय, म्हणजे धने-जिऱ्याचा दूध-गूळ घातलेला काढा. लहानपणी ताप आला की तू पाजायचीस आणि मी कुंडीत ओतायचे, त्याच चवीचा. आता मागून पिते. गोधडी तुझीच आहे, वाळत नाही म्हणून चुलीमागे टांगते, धुराचा वास लागलाय, रागावू नकोस.

आता खरी काळजी. बाबा, आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं की निघायचं. पंचेचाळिसाची वाट बघायची नाही. चाळीस ही इशारा पातळी, हे तुम्हीच आम्हाला पाठ करून घेतलंय. 2019 ला "अजून दोन फूट बघू" झालं, त्यावर मी काही लिहीत नाही. तुम्हाला नदी माझ्यापेक्षा जास्त कळते, मान्य. पण आईला आता जिना भराभर उतरता येत नाही. मिरजेच्या मावशीशी बोलले आहे, तिनं खालचीच खोली रिकामी केली आहे. औषधं, चष्मा, पेन्शनची फाईल आणि देव आत्तापासून एका पिशवीत. कपाटातले अल्बम दादाला वर माळ्यावर चढवायला सांगा, तुम्ही स्टुलावर चढू नका. खरंच नका.

आईची रक्तदाबाची गोळी सकाळी, चहाच्या आधी. ती "घेतली" म्हणते तेव्हा पाकीट बघा.

रविवारी सामानाची गाडी तीर्थहळ्ळीला जाते, तिथे रेंज असते. अकराच्या सुमारास फोन करेन. घरीच थांबा, आणि बाबा, स्पीकर चालू ठेवा, नाहीतर तुम्ही एकटेच ऐकता आणि आईला निम्मंच सांगता.

तुमची,
चिमी