ताई, तू रोज रात्री बिघडवून ठेवलेल्या मशीनसाठी

प्रिय ताई,

निकालाचा ईमेल आला त्या संध्याकाळी तुला फोन केला, तर "अगं, अभ्यास तू केलास, आभार कसले मानतेस?" म्हणून तू विषयच बदललास. त्यानंतर दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा जेवलीस का, शिफ्ट बदलली का, असंच काहीतरी विचारत राहिलीस. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे तुला मला मध्येच थांबवता येणार नाही.

वाचणाऱ्यांना थोडं आधीचं सांगायला हवं. मी बार्शीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स आणि त्यानंतर पुण्यात सर्व्हर सपोर्टची नोकरी. ताई कर्वेनगरच्या पीजीतली माझी रूममेट. चिपळूणची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, कामाने लिनक्स ॲडमिन, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे सर्व्हर सांभाळणारी. नोकरीत पुढे जायचं तर आरएचसीएसए (लिनक्स सांभाळता येतं याचं रेड हॅट कंपनीचं प्रमाणपत्र) कर, असं मला टीममध्ये सांगितलं गेलं, आणि मी त्यासाठीच्या ईएक्स २०० या परीक्षेचा अर्ज भरला.

या परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा नसतो. समोर चालू मशीन असतं आणि कामं दिलेली असतात. युजर बनवणं, डिस्कचे भाग पाडणं, लॉजिकल व्हॉल्यूम (डिस्कचा कमी-जास्त करता येणारा भाग) वाढवणं, फायरवॉल, एसई-लिनक्स ही सुरक्षेची व्यवस्था, सगळं हाताने करून दाखवायचं. इंटरनेट नाही, मदतीला फक्त मशीनमधलीच मॅन पेजेस, म्हणजे कमांडच्या माहितीची पानं. ३०० पैकी २१० मिळाले की पास. पण खरी मेख एका अटीत आहे: केलेलं प्रत्येक काम रीबूटनंतरही टिकलं पाहिजे. मशीन बंद होऊन परत उठलं आणि तुमची डिस्क जागेवर नसली, तर ते काम केलंच नाही असं धरतात.

प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असा करार आपण मान्य केलेला असतो, तो मी पाळणार आहे. पण पहिल्या वेळी माझ्या हातांचं काय झालं ते सांगू शकते. पहिल्या दहा मिनिटांत तळवे इतके घामेजले की स्पेसबार ओला लागत होता. तीच ओळ मी चारचारदा वाचत होते आणि डोक्यात काहीच उतरत नव्हतं. तरी कामं होत होती. रीबूट मात्र मी पुढे ढकलत राहिले. हे एवढं संपू दे, मग करते. अजून हे एक होऊ दे, मग करते. शेवटी सात मिनिटं उरली तेव्हा रीबूट केलं आणि मशीन वर आलंच नाही. काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोड (मशीन नीट सुरू होऊ शकलं नाही की येतो तो) आणि खाली रूटचा, म्हणजे मुख्य युजरचा, पासवर्ड मागणारी ओळ. पुढे काय करायचं ते मला येत होतं, ताई. खोलीवर एकदा केलंही होतं. तरी बोटं हलेनात. त्या ओळीकडे बघत बसले आणि वेळ संपला.

नापास झाल्याचं मी घरी कळवलं नाही. तुलाही सांगितलं नव्हतं, पण डबा तसाच राहिलेला बघून तुला कळलंच. किती मार्क पडले हे तू विचारलं नाहीस. वरण-भात कालवून ताट माझ्यापुढे सरकवलंस आणि एकच प्रश्न केलास, "रीबूट कधी केलंस?"

"शेवटी."

"ज्याची भीती होती तेच शेवटी ठेवलंस. मग सावरायला वेळ कुठून राहणार?"

त्या आठवड्यात भेटेल तो मला "टेन्शन घेऊ नकोस" म्हणत होता. सगळे प्रेमाने म्हणत होते, पण टेन्शन काही मी मुद्दाम घेतलेलं नव्हतं, मग ते ठेवणार तरी कुठे? तू हे वाक्य एकदाही उच्चारलं नाहीस. तू माझा लॅपटॉप मागितलास.

आठ जीबी रॅमचा तो जुना लॅपटॉप. तू त्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) रॉकी लिनक्सची दोन मशीन उभी केलीस, प्रत्येकी दोन जीबीची. (परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवते. सेंटओएस लिनक्स ८ ही रेड हॅटच्या लिनक्ससारखीच पण मोफत मिळणारी सिस्टिम होती, तिचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. तिची जागा भरायला रॉकी आणि अल्मा पुढे आले. दोन्ही फुकट आहेत आणि सरावाला पुरतात. खुद्द रेड हॅटचंही डेव्हलपर सबस्क्रिप्शन एकट्या माणसाला मोफत मिळतं. सरावासाठी पैसे नाहीत म्हणून कुणी अडून राहू नये.)

ती पहिली रात्र मला जशीच्या तशी आठवते. साडेअकरा वाजले होते, पंख्याचा खडखडाट चालू होता. तू लॅपटॉप स्वतःकडे वळवलास, एफएसटॅबची फाइल (सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी) उघडलीस, यूयूआयडीतलं, म्हणजे डिस्कच्या ओळख क्रमांकातलं, एक अक्षर बदललंस, सेव्ह केलंस आणि मशीन रीबूटला टाकून लॅपटॉप माझ्याकडे फिरवलास. पडद्यावर एक ओळ आली: अमुक डिस्कची वाट बघतोय, बारा सेकंद झाले, दीड मिनिटापर्यंत थांबेन. आकडा वाढत चालला. माझ्या पोटात तोच खड्डा पडला. मी नेटवर शोधायला मोबाइल उचलला, तर तू माझ्या हातून काढून घेतलास.

"मराठीत सांग. काय म्हणतंय ते?"

"म्हणतंय... या नावाची डिस्क शोधतोय."

"मग?"

"मिळत नाहीये."

"तुझ्यावर चिडलंय का?"

"नाही."

"आता काय मागतंय?"

"रूटचा पासवर्ड."

"दे मग."

मी पासवर्ड दिला, ताई. त्याच ओळीपुढे परीक्षेत मी वेळ संपेपर्यंत थिजून बसले होते. खरा यूयूआयडी शोधायचा, फाइलमधलं अक्षर नीट करायचं आणि परत रीबूट, एवढंच काम होतं. चार मिनिटं लागली.

त्यानंतर बावीस रात्री तू हेच केलंस. शिफ्टवरून साडेदहाला यायचीस, पाय धुवायचीस, चहा ठेवायचीस आणि तो उकळेपर्यंत माझं मशीन बिघडवून ठेवायचीस. कधी रूटचा पासवर्डच बदललेला असायचा. मग ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या पहिल्या मेनूच्या, पडद्यावर ई दाबायचं, कर्नलच्या ओळीत आरडी डॉट ब्रेक जोडायचं (म्हणजे मशीन सुरू होता होता मध्येच थांबतं), आत शिरून नवा पासवर्ड द्यायचा आणि ऑटोरीलेबलची फाइल ठेवून बाहेर यायचं. त्यानंतर एसई-लिनक्स सगळ्या फाइलींवर नव्याने शिक्के मारत बसतं, तेव्हा मशीन बराच वेळ गप्प असतं. पहिल्यांदा मला वाटलं, गेलं सगळं. तू म्हणालीस, "काम करतंय ते, करू दे. तू चहा पी." कधी फायरवॉलचा नियम घातलेला असायचा, पण कायमचा नसायचा. कधी सर्व्हिस चालू असायची पण एनेबल नसायची, म्हणजे आत्ता सगळं झकास आणि रीबूट केल्यावर गायब. पहिला आठवडा तू मला स्नॅपशॉट (मशीन परत आधीच्या स्थितीत नेता येईल अशी नोंद) घेऊ दिलास. दुसऱ्या आठवड्यात तोही बंद केलास. मशीन गेलं तर परत पहिल्यापासून उभं करायचं.

मोठ्याने मराठीत वाचायची ती सवय, आज मागे वळून बघताना वाटतं, की खरं काम तिनेच केलं. माझी निम्मी भीती इंग्रजीची होती. तांबड्या अक्षरांतली इंग्रजी ओळ दिसली की मला ती शाळेतल्या रागावण्यासारखी वाटायची. अर्थापर्यंत मी पोचायचेच नाही. "म्हणतंय की परवानगी नाही", "म्हणतंय की अशी फाइल इथे नाही" असं तोंडाने म्हटलं की ती ओळ साधी माहिती होऊन जायची. पण परीक्षेत बोलता येत नाही, हे तू आधीच हेरलं होतंस. म्हणून दहा रात्री मोठ्याने, मग आठवडाभर पुटपुटत, मग नुसते ओठ हलवून आणि शेवटी मनात, असं तू मला हळूहळू उतरवत आणलंस. आणि डिस्कची वाट बघणारे ते नव्वद सेकंद! सुरुवातीला तेवढ्या वेळात माझा श्वास अडकायचा. बाराव्या की तेराव्या रात्री मी त्या वेळात वेणी घालून घेतली. तू काही बोलली नाहीस, पण तू बघितलंस हे मी बघितलं.

आठवेनासं झालं की मॅन उघड, हाही तुझाच नियम. आधी मला वाटायचं की मॅन पेज बघणं म्हणजे कॉपी करणं. "ते ठेवलेलंच त्यासाठी आहे," तू म्हणालीस, आणि एफएसटॅबच्या ओळीचे सहा रकाने निळ्या वहीत मराठीत लिहून दिलेस: कोण, कुठे, कोणत्या प्रकारचं, कोणत्या अटींवर, डंप, तपासणीचा क्रम. खाली मोठ्या अक्षरात: 'रीबूटआधी माउंट -ए आणि फाइंडएमएनटी व्हेरिफाय', म्हणजे ती फाइल बरोबर आहे का हे तपासणाऱ्या दोन कमांड. आता ऑफिसात प्रॉडक्शन सर्व्हरला हात लावतानाही मी आधी या दोन्ही गोष्टी करते.

एका रात्री लाइट गेले म्हणून आपण गच्चीवर बसलो होतो. तेव्हा तू तुझ्या पहिल्या नोकरीतलं सांगितलंस. रात्री दोनला तू लिहिलेल्या एका चुकीच्या ओळीमुळे सर्व्हर वर येत नव्हता, फोनवर फोन येत होते आणि तू वॉशरूममध्ये जाऊन रडलीस. "कुणी आधी एकदा मुद्दाम पाडून दाखवलं असतं, तर नसते रडले," एवढंच म्हणालीस आणि लाइट आल्यावर खाली गेलीस. मी बराच वेळ वरच होते. थकून आल्यावरही तू रोज कशासाठी बसत होतीस, ते तिथे मला कळलं.

परीक्षेच्या सकाळी तू एक कागद दिलास आणि म्हणालीस, दहा मिनिटं मनात येईल ते सगळं लिहून काढ. मी लिहिलं. घरी नापास झाल्याचं सांगितलेलं नाही. बाबांनी फीचे पैसे कशाला आहेत हे न विचारता पाठवले. लीडसमोर परत तोंड कसं दाखवू. परत बोटं थिजली तर. तू वाचायला मागितलं नाहीस, "फाड नाहीतर ठेव," म्हणालीस. खूप नंतर माझ्या वाचनात आलं की शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक यांनी नेमकं हेच तपासलं होतं आणि २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये ते छापून आलं. परीक्षेआधी दहा मिनिटं आपली काळजी लिहून काढणाऱ्या, एरवी घाबरणाऱ्या मुलांनी पेपर जास्त चांगला सोडवला होता. तू ते वाचलं होतंस की तुझं तुलाच सुचलं, हे विचारायचं राहून गेलंय.

शिफ्ट बदलून घेऊन तू स्कूटीवर मला सेंटरपर्यंत सोडलंस. आत जाताना "ऑल द बेस्ट" नाही म्हणालीस. विचारलंस, "रीबूट कधी?"

"पहिल्या तीन कामांनंतर."

"जा."

तळव्यांना घाम याही वेळी आलाच. भीती गेली होती असं मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. पण तीन कामं झाल्यावर मी रुमालाला हात पुसले आणि रीबूट केलं. पडद्यावरून ओळी सरकत होत्या आणि मी मनात म्हणत होते, आता हे उठवतंय, आता ते शोधतंय, सापडलं. लॉगिनची ओळ आली. पुढे आणखी दोनदा रीबूट केलं. त्यातल्या एका वेळी एक गोष्ट वर आली नाही. म्हटलं, बरं झालं, आत्ताच कळलं. हातात अजून तासभर होता. दुरुस्त केलं आणि पुढे गेले.

२१० च्या बरेच वर मार्क पडले. बाबांना दोन्ही परीक्षांचं एकदमच सांगितलं. ते फोनवर थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्या ताईला एकदा बार्शीला घेऊन ये." हा निरोप तुला अजून पोचवायचा होता, तो इथे पोचवते. आई शेंगाची चटणी करून ठेवणार आहे, तुला किती लागते ते मी तिला सांगितलंय.

तू आता हैदराबादला आहेस. तुझ्या पलंगावर नवीन मुलगी आली आहे. ती रात्री लवकर झोपते, त्यामुळे साडेदहाला चहा ठेवायला कुणी नसतं. मागच्या महिन्यात तू मेसेज केला होतास की निळी वही कुरिअरने पाठव. ताई, खूप आभार. वही मी पाठवणार नाहीये. हवी असेल तर बार्शीला ये आणि घेऊन जा.

तुझी,
कर्वेनगरची रूममेट