एकत्र राहण्याचे शिक्षण कुठे मिळते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतर चार-आठ कुटुंबांनी मिळून गावाकडे जमीन घ्यावी आणि उरलेले आयुष्य एकमेकांच्या सोबतीने काढावे, हा विचार अलीकडे अनेकांच्या मनात घोळतो आहे. त्यावर गेल्या रविवारच्या पुरवणीत सविस्तर लेख आला होता. जमिनीची पारख, सातबारा, बांधकामाचा खर्च, पाण्याची सोय आणि जवळचा दवाखाना यांविषयी त्यात उपयुक्त माहिती आहे. मात्र अशा वसाहतीत पाच वर्षे राहिलेली आणि ती डोळ्यांदेखत मोडताना पाहिलेली बाई म्हणून मला त्यात एक मोठी उणीव जाणवली. एकत्र कसे राहावे, हे माणसांनी कुठे आणि कसे शिकायचे, याचा त्या लेखात उल्लेखच नाही. आमच्या गटानेही नेमका तोच विषय सोडून दिला होता.

आम्ही नऊ कुटुंबे होतो. बहुतेक जण शिक्षक आणि बँकेतले, दोघे अभियंते, एक डॉक्टर. वेगवेगळ्या सामाजिक कामांतून एकमेकांना वीस-वीस वर्षे ओळखणारे. वेल्हे तालुक्यात साडेचार एकर जमीन घेतली आणि 2011 च्या पावसाळ्यानंतर राहायला गेलो. त्याआधी दोन वर्षे दर रविवारी भेटत होतो. माती तपासून घेतली, गांडूळखताचे शिबिर केले, सातबाऱ्यावर नऊ नावे कशी लागतील याचा वकिलाकडून सल्ला घेतला. कमी खर्चाची घरे कशी बांधतात हे पाहायला दोघे जण केरळला जाऊन आले. सभा कशी घ्यावी, हे शिकायला मात्र कोणी कुठे गेले नाही. सगळेच सुशिक्षित, प्रत्येकाने कधी ना कधी कुठल्या तरी समितीवर काम केलेले. तेव्हा ते आपल्याला येतेच, असे आम्ही धरून चाललो होतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी कमी पडू लागले आणि बोअर घ्यायची की नाही, असा प्रश्न आला. चार घरांचा विरोध होता. आपल्या जमिनीच्या खालच्या अंगाला असलेल्या वाडीची विहीर आटेल, तेव्हा आधी टाक्या बांधून पावसाचे पाणी साठवावे, असे त्यांचे म्हणणे होते. सभा रात्री साडेनऊला सुरू झाली आणि पावणेबाराला मतदान झाले. घरटी एक मत हा आमचा नियम. त्यामुळे मत देणाऱ्या नऊ जणांपैकी आठ पुरुष होते, आणि ज्यांच्या हातून ते पाणी दिवसभर खर्च होणार होते त्या आम्ही बायका मागच्या सतरंजीवर बसून ऐकत होतो. पाच विरुद्ध चार. वहीत एक ओळ लिहिली गेली आणि सभा संपली. चार दिवसांनी बोअरला पाणी लागले, तेव्हा कोणीतरी पेढे आणले. विरोध करणाऱ्या चारही घरांतल्या माणसांनी पेढा हातात घेतला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तसाच ठेवून दिला. ते चार पेढे संध्याकाळपर्यंत तिथेच होते. पाच वर्षांतला दुसरा कुठलाही प्रसंग मला इतका स्पष्ट आठवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात वाडीची विहीर खरोखरच आटली. ती आमच्या बोअरमुळेच आटली का, हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण वाडीतल्या बाया आमच्याकडे यायच्या थांबल्या आणि त्या चार घरांचे जेवण सामुदायिक स्वयंपाकघरातून हळूहळू आपापल्या घरी गेले. त्याविषयी कोणी कोणाशी भांडले नाही. आमच्या वसाहतीत आरडाओरडा कधी झालाच नाही, आणि पाहुण्यांना त्याचे कौतुक वाटायचे. 2016 मध्ये जमीन विकायचे ठरले तेव्हा मात्र सगळ्यांचे पटकन एकमत झाले.

आम्ही वाईट माणसे होतो म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. नातेवाईक म्हणाले, ‘स्वभाव जुळले नाहीत,’ आणि बरीच वर्षे मीही तेच उत्तर देत असे. आज ते उत्तर मला चुकीचे वाटते, कारण त्या उत्तराने शिकण्याची वाटच बंद होते. पोहता न येणारा माणूस बुडाला तर त्याच्या स्वभावाला कोणी दोष देत नाही. दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, आपली हरकत वेळेवर आणि स्वच्छ शब्दांत मांडणे, झालेला निर्णय सगळ्यांसमोर शब्दबद्ध करणे, न दिसणारे काम मोजणे, ही पोहण्यासारखीच सरावाने येणारी कसबे आहेत. ती ज्यांनी कमावली अशी माणसे आपल्याच महाराष्ट्रात आहेत.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी 25 मार्च 1959 रोजी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. स्त्रियांच्या या आश्रमात प्रमुख असे पद नाही आणि निर्णय सर्वसंमतीने होतात. विनोबा तेव्हा भूदानाच्या पदयात्रेत होते, त्यामुळे सुरुवातीची वर्षे तिथल्या भगिनींनी सारा कारभार आपल्याच बळावर शिकून घेतला. शेती, स्वयंपाक, झाडलोट, प्रकाशन यांपैकी कुठलेच काम हलके नाही, हा तिथला पाया आहे. साठहून अधिक वर्षे एखादी वसाहत मतदानावाचून चालते, ही माझ्यासारखीला थक्क करणारी गोष्ट आहे, आणि सामूहिक जीवनाचे बेत आखणाऱ्यांपैकी फार थोडे जण तिथे जाऊन ती समजून घेतात याची खंत वाटते.

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाचे. ते ठरवून वसवलेले गाव नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचे गोंड गाव आहे. पण एकत्र कसे जगायचे हे त्याने जाणीवपूर्वक ठरवले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्राला ठाऊक आहे. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला, हेही वृत्तपत्रांतून आले. या सगळ्याच्या मुळाशी जी रीत आहे, तिच्याविषयी मात्र कमी लिहिले जाते. तिथे निर्णय सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांच्या गावसभेत सर्वसहमतीने होतो, आणि सहमती झाली नाही तर तो पुढे ढकलला जातो. त्याच्या जोडीला अभ्यासगट असतो. अभ्यासगटात माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, शंका काढायच्या. निर्णय तिथे घ्यायचा नाही. मधमाश्या न मारता मध कसा काढावा, हा विषयसुद्धा त्यांनी अशा अभ्यासातून हाताळला. बोलायची जागा वेगळी आणि ठरवायची जागा वेगळी ठेवल्यामुळे, बोलणाऱ्याला आपला शब्द लगेच निर्णयाच्या तराजूत पडेल ही धास्ती राहत नाही. आमच्या बोअरचा प्रश्न असा दोन महिने अभ्यासाला ठेवला असता, तर भूजलाचा एखादा जाणकार बोलावता आला असता आणि खालच्या वाडीतल्या चार जणांनाही बोलावले असते. त्यांना विचारावे, हे त्या रात्री आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

सर्वसहमती म्हणजे एका हट्टी माणसाच्या हाती साऱ्यांची मान देणे, हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. म्हणूनच हरकत कशी घ्यायची, हेही शिकावे लागते. नेदरलँड्समध्ये केस बूके या क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या) शिक्षकाने 1926 मध्ये बिल्टहोवन इथे शाळा सुरू केली. तिथे मुले आणि शिक्षक एकत्र सभा घेऊन, मतदान न करता, शाळेचा कारभार ठरवत. पुढे त्यातूनच ‘हरकत उरली नाही म्हणजे निर्णय झाला’ अशी पद्धत विकसित झाली आणि आज जगातल्या अनेक सहजीवन वसाहती ती वापरतात. त्यात हरकत घेणाऱ्यावरही जबाबदारी असते. ‘मला हे आवडत नाही’ एवढे पुरत नाही. या निर्णयाने आपल्या सामाईक कामाची कोणती हानी होईल, हे त्याने सांगायचे असते, आणि मग ती हानी टळेल असा बदल सगळ्यांनी मिळून शोधायचा असतो. बोलणे पाळीपाळीने फिरते, त्यामुळे गप्प बसणाऱ्यालाही आपसूक वेळ मिळतो. ही एवढी साधी फेरी आम्ही त्या रात्री घेतली असती, तर मागच्या सतरंजीवरच्या आम्ही आठ जणी बोललो असतो.

क्वेकरांच्या सभेतली आणखी एक रीत मला फार मोलाची वाटते. झालेला निर्णय तिथे सभा चालू असतानाच लिहून काढतात, तो सर्वांना वाचून दाखवतात आणि शब्द सगळ्यांना मान्य झाल्यावरच पुढे जातात. आमचे इतिवृत्त दुसऱ्या दिवशी एकटे सचिव लिहीत आणि पुढच्या महिन्यात ते ‘वाचून कायम’ होई. आपल्या सहकारी गृहरचना संस्थांतही बहुतेक ठिकाणी हेच चालते.

आता स्वयंपाकघराविषयी. आमच्याकडे भिंतीवर फळा होता आणि पाळ्या लिहिलेल्या असत. पाळी पुरुषाची असली की तो भाजी चिरून, पोळ्यांची कणीक भिजवून जबाबदारी पार पाडी, आणि ते मनापासून करी. पण तेल संपत आले आहे, उद्या कुणाचा उपास आहे, डॉक्टरांच्या आईला भात मऊ लागतो, हे लक्षात ठेवण्याची पाळी फळ्यावर कधीच आली नाही. ती दोघी-तिघींच्याच डोक्यात राहिली आणि त्यांनाच थकवून गेली. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ‘ट्विन ओक्स’ ही वसाहत 1967 पासून आहे. तिथे प्रत्येकाने आठवड्याला ठरावीक तास काम करायचे असते आणि त्या तासांत स्वयंपाक, साफसफाई आणि मुले सांभाळणे यांची मोजणी बाहेरून पैसे मिळवून देणाऱ्या कामाइतकीच होते. माणुसकीचे काम तासांत कसले मोजता, असे आपल्याकडे कोणीही म्हणेल. मीही म्हणत असे. ज्या थकल्या त्यांच्यापैकी मी एक होते, आणि आज मला ते मोजायला हवे होते असे ठामपणे वाटते. याच वसाहतीत नव्या माणसाला आधी तीन आठवडे पाहुणा म्हणून राहावे लागते, आणि स्वीकारल्यानंतरही काही महिने कच्चे सदस्यत्व असते. आम्ही एक रात्रही एकत्र न राहता जमिनीचे पैसे भरले होते.

या बाबतीत मला नेहमी टॉल्स्टॉय फार्म आठवते. गांधीजी आणि त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी 1910 मध्ये जोहान्सबर्गजवळ ही वसाहत उभी केली. तिथल्या माणसांना चपला करता येत नव्हत्या, म्हणून कॅलनबाख मारियनहिल इथल्या ख्रिस्ती मठात जाऊन ते काम शिकून आले आणि त्यांनी ते इतरांना शिकवले. येत नाही ते ज्यांना येते त्यांच्याकडे जाऊन शिकावे, ही नम्रता आम्ही गांडूळखतापुरती दाखवली, सभेपुरती दाखवली नाही.

शासनाकडे आणि सहकार क्षेत्राकडे माझी विनंती आहे. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकारी संस्था कायद्यात 2013 मध्ये कलम 24अ आले आणि सभासदांना व पदाधिकाऱ्यांना सहकाराचे शिक्षण देणे हे प्रत्येक संस्थेचे कर्तव्य ठरले. मी गृहरचना संस्थेची सभासद म्हणून असे दोन वर्ग केले. उपविधी, लेखापरीक्षण, थकबाकी वसुली आणि निवडणूक, हे विषय चांगले शिकवले गेले आणि त्यांची गरज आहेच. पण दोन शेजाऱ्यांमध्ये गळक्या पाइपावरून तेढ आली तर समितीने पहिल्या आठवड्यात काय बोलावे, सभेत एकच माणूस अर्धा तास बोलत राहिला तर अध्यक्षाने त्याला न दुखावता कसे थांबवावे, याचा एकही तास नव्हता. जिल्हा सहकारी बोर्डांनी आणि पुण्याच्या वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेने या विषयाचा आठ-दहा दिवसांचा निवासी वर्ग आखावा. त्यात शिकणाऱ्यांनीच स्वयंपाक करावा, सभा घ्यावी, इतिवृत्त लिहावे आणि रोज रात्री त्या दिवसाच्या चुका तपासाव्यात. पवनार आणि मेंढा-लेखाच्या अनुभवी माणसांना शिकवायला बोलवावे. त्याचा लाभ जमीन घेऊ पाहणाऱ्यांना होईलच, शिवाय शहरातल्या हजारो गृहरचना संस्थांनाही होईल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. अशा वसाहती केलेल्या आणि मोडलेल्या वाचकांकडून त्यांचे अनुभव मागवावेत. टिकलेल्या वसाहतींचे वर्णन छापून येते. मोडलेल्यांमधली माणसे लाजेने गप्प राहतात, आणि पुढच्या गटाला तीच चूक पुन्हा नव्याने करावी लागते.

आमच्या सभांच्या सात वह्या माझ्याकडे आहेत. आमच्यापैकी हयात असलेल्या सगळ्यांना विचारून मी हे लिहिते आहे, की नव्याने एकत्र राहू पाहणाऱ्या कुठल्याही गटाला त्या वाचायला द्यायला आमची तयारी आहे. तिसऱ्या वहीत बोअरच्या सभेचे पान आहे. सव्वादोन तासांच्या त्या सभेची नोंद इतकीच आहे : ‘बोअर घेण्याचे बहुमताने ठरले.’ त्याखाली पान कोरे आहे.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे