पालिकेचे मोफत खत : आधी ते कशाचे, ते विचारा

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर अनेक पालिका नागरिकांना कंपोस्ट खत फुकट वाटतात. ते जरूर घ्यावे. मात्र ‘पालिकेचे खत’ या एकाच नावाखाली निरनिराळा माल येऊ शकतो. बागेतल्या पालापाचोळ्याचे खत सर्वांत निर्धोक. वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याचे खत नीट कुजलेले असेल तर उत्तमच. मिश्र कचरा कुजवून नंतर चाळलेल्या खतात काच, प्लॅस्टिक आणि बॅटऱ्या-रंगांतले शिशासारखे विषारी जड धातू उतरतात. मैलापाणी केंद्रातला वाळवलेला गाळ ही आणखी वेगळी गोष्ट. आणि जुन्या कचरा डेपोचे ढीग उपसून चाळलेली काळी माती तर खतच नव्हे. दिसायला ती हुबेहूब खतासारखी असते, फसगत होते ती इथेच. शेवटचे तीन प्रकार खायच्या भाजीला नकोत.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये कंपोस्टसाठी किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम अशा कमाल मर्यादा दिल्या होत्या. त्या ओलांडणारे खत अन्नपिकांना वापरू नये, इतर कामांना चालेल, असेही त्यात नमूद होते. तेव्हा खत घेताना त्या खेपेचा प्रयोगशाळा अहवाल मागावा. नेहमीच्या माती परीक्षणात जड धातू तपासले जात नाहीत, ती चाचणी वेगळी सांगावी लागते. अहवाल मिळालाच नाही तर खत जास्वंद-मोगऱ्याला घालावे. पालक, मेथी, मुळा, गाजर यांना नाही. कॅडमियम मुळांवाटे पालेभाजीत सहज चढते. शिशाचे तसे नाही. ते मुख्यतः पानांवर उडालेल्या आणि कंदाला चिकटलेल्या मातीतून पोटात जाते. म्हणून वाफ्यावर पेंढ्याचे आच्छादन घालावे आणि कंद सोलून खावेत. मातीचा सामू (pH) ६.५ च्या खाली गेला तर धातू अधिक विरघळतात, त्यामुळे सामू आणखी उतरवणारे गंधक अशा वाफ्यात घालू नये.

खत पुरते कुजले की नाही, हे घरीच कळते. मूठभर खत ओलसर करून पिशवीत घट्ट बांधावे आणि तीन दिवसांनी उघडावे. अमोनियाचा किंवा आंबूस भपकारा आला तर ते कच्चे आहे. असे खत मुळे जाळते आणि कुजताना मातीतला नत्र स्वतःच खाते, मग रोपे पिवळी पडतात. ते ओलसर ठेवून, आठवड्याला एकदा उलथापालथ करत महिनाभर मुरू द्यावे. त्यात आपोआप टोमॅटोची रोपे किंवा तण उगवू लागले, तर ढीग पुरेसा तापलाच नव्हता असे समजावे. बिया तगल्या, तिथे रोगजंतूही तगलेले असू शकतात.

दुसरी चाचणी मेथीची. एका कुंडीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती व निम्मे खत घेऊन दोन्हींत वीस-वीस दाणे पेरावेत. दुसऱ्या कुंडीत उगवण फारच कमी झाली किंवा पानांची टोके करपली, तर क्षार जास्त आहेत किंवा खत कच्चे आहे. चांगले खतसुद्धा कुंडीत तीन भाग मातीला एक भाग, याहून जास्त नको. नुसत्या खतात रोप लावणे ही सर्रास होणारी चूक आहे.

खत ४ मिलिमीटरच्या चाळणीने चाळावे, म्हणजे बहुतेक काचा आणि पिना वर राहतील. त्याच वेळी हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसतील, त्या वेचून काढाव्यात. त्या मुळे कुरतडतात. कोरडे खत चाळताना बुरशीचे बीजाणू उडतात, म्हणून आधी पाणी शिंपडावे, जाड हातमोजे आणि मास्क घालावा. दमेकऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

खरे तर नागरिकांवर एवढी तपासणी करण्याची वेळच येऊ नये. कचऱ्याचा प्रकार, खेपेचा क्रमांक, चाचणीची तारीख आणि ‘भाजीपाल्यास योग्य’ किंवा ‘फक्त शोभेच्या झाडांसाठी’ एवढा मजकूर पालिकांनी प्रत्येक पोत्यावर छापावा. सुटे खत देणार असतील, तर हाच तपशील वाटप केंद्रावरच्या फलकावर लिहावा.

– एक वाचक