गच्चीवर येणाऱ्या लोकांचे प्रश्न

कराड,
१८ जानेवारी २०२६

प्रिय वसू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. शाळेला दुर्बीण मिळाल्याबरोबर तू आख्ख्या गल्लीला गच्चीवर बोलावलंस, हे वाचून फार आनंद झाला. पण पुढे लिहिलंयस, ‘लोक आकाश सोडून भलतंच विचारतात. साडेसाती काय, ग्रहणातली सुरी काय! मला राग आवरत नाही.’ त्यावरच आज सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते ते प्रश्न भलते नाहीतच. दिवसभराचं काम उरकून आलेला माणूस परक्यांसमोर तोंड उघडतो, त्याला धीर लागतो. नीट उत्तर मिळालं तर तो दुसरा प्रश्न विचारील. आपण हसलो तर तो कायमचा गप्प बसेल, आणि उद्या पोरानं काही विचारलं तर त्यालाही गप्प बसवील.

साडेसातीचंच घे. प्रीतिसंगमावर शनी दाखवत होतो. रांगेतले एक गृहस्थ दुर्बिणीपर्यंत आले आणि थबकले. म्हणाले, ‘माझी मेष रास. साडेसाती चालू आहे. बघितलं तर चालेल ना?’ मागं कुणीतरी हसलं. मी त्यांना बाजूला घेतलं आणि साडेसातीचा हिशेबच सांगितला. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली तर एका राशीला अडीच वर्षं आली. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशींची साडेसात. आपल्या पूर्वजांनी दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी ही गती मोजली होती, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. मग त्यांनी विचारलं, ‘म्हणजे त्रास होत नाही?’ मी सरळ सांगितलं की त्या गोळ्याचा आणि तुमच्या धंद्याचा संबंध आहे असं मला वाटत नाही. आता तुम्हाला दिसेल तो उजेडसुद्धा सव्वा तासापूर्वी तिथून निघालाय. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. साडेसाती खोटी, एवढंच बोलून मी मोकळा झालो असतो तर ते न बघताच गेले असते.

हल्ली सगळ्यात जास्त ऐकू येतं ते, ‘कडं कुठंय? चित्रात तर केवढं मोठं असतं!’ तुझ्याकडेही हेच विचारतील. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्या नजरेच्या बरोबर रेषेत आली होती, म्हणून अजूनही ती बारीक रेघेसारखी दिसतात. मुख्य कड्यांचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास, आणि जाडी बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटरच्या घरात! इतकी पातळ वस्तू आडवी धरली की दिसणार काय? आणि हे आवर्जून सांग की १६१२ मध्ये खुद्द गॅलिलिओ याच कोड्यात पडला होता. दोन वर्षांपूर्वी शनीच्या दोन्ही बाजूंना त्यानं जे पाहिलं होतं ते अचानक नाहीसं झालं होतं. उलगडा केला तो डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सनं, १६५९ मध्ये छापून. आपला प्रश्न गॅलिलिओलाही पडला होता हे कळल्यावर विचारणारा कसा ताठ होतो ते बघ.

कुणी म्हणेल, आत चित्र चिकटवलंय. त्याच्याशी वाद घालू नकोस. दुर्बीण त्याच्याच हातात दे आणि शनी मधोमध आणून नुसतं बघत राहायला सांग. ग्रह हळूहळू कडेला सरकतो आणि दिसेनासा होतो. ‘पळाला की!’ असं तो ओरडला की सांग, शनी नाही पळाला, तू उभा आहेस ती गच्ची फिरतेय. पृथ्वीचं फिरणं पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, डोळ्यांनी बघितलेलं मात्र फार थोड्यांनी.

ग्रहणाच्या प्रश्नाला जास्त जपायला हवं. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाला ढग येऊन-जाऊन होते. मैदानाच्या कडेला एक पोटुशी मुलगी नणंदेचा हात धरून उभी होती. जवळ येईना. थोड्या वेळानं नणंदेनं हळूच विचारलं, ‘हिनं बघितलं तर बाळाला काही होईल का?’ चंद्र पृथ्वीच्या सावलीतून जातोय, त्याचा उजेड कमी झालाय, नवीन काहीच आपल्याकडे येत नाही, एवढं मी सांगितलं. सूर्यग्रहणात मात्र उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघू नये, हा नियम सगळ्यांना सारखाच. पण तिला घरी परत जायचं होतं, सासूबाईंसमोर उभं राहायचं होतं. म्हणून मी आग्रह केला नाही. दुर्बीण न लावताही चंद्र दिसतोय, एवढंच म्हणालो. ढग सरले तेव्हा तांबूस चंद्र तिनं तिथूनच पाहिला. नंतर नणंद म्हणाली, ‘घरी मी सांगते.’ अशा वेळी पोटतिडकीनं भाषण ठोकणारे लोक मला पटत नाहीत, वसू. त्या भाषणाची किंमत त्या मुलीला मोजावी लागते.

आता संक्रांत झाली, तेव्हा उत्तरायणाचं कुणीतरी विचारीलच. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. वाद नको असेल तर सूर्य मावळतो ती जागा दर आठवड्याला कठड्यावर खडूनं खूण करून ठेवायला सांग. आणि जे ठाऊक नाही तिथं ‘मला माहीत नाही, पाहून सांगतो’ म्हण, आणि खरंच पाहून सांग. लोक वाट बघतात.

एक मागणं आहे. आपला सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. तुमच्या नागपूरला तो २६ मेला, दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास येईल. ऊन कडक असेल, पण गल्लीला बोलाव. एखादा सरळ पाइप उभा कर आणि गवंड्याकडून ओळंबा मागून तो नीट उभा आहे ना ते तपास; सूर्य थेट डोक्यावर आला की त्याची सावली नाहीशी होते. ‘सूर्य रोजच बाराला डोक्यावर असतो ना?’ हे नक्की विचारतील. त्यांना आदल्या आठवड्यापासून त्याच पाइपची भरदुपारची सावली मोजायला लाव. काय काय विचारलं ते सगळं मला लिहून कळव, शक्यतो त्यांच्याच शब्दांत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनू